विसरलेला अर्धा नवस

अनंता नोकरीसाठी ओरिसात गेला आणि देवापुढे बसून काय म्हणायचं हेच मला कळेनासं झालं. विश्वास उडाला होता असं नाही. सकाळी अंघोळ करून पूजेला बसत होते, निरांजन लावत होते, सगळं हाताने होत होतं. पण वीस-बावीस वर्षं हात जोडले की पहिलं वाक्य ठरलेलं असे: माझ्या मुलांना सांभाळ. कुसुम, माझी थोरली, लग्न होऊन सोलापूरला गेली तेव्हा त्यातलं एक नाव थोडं दूर सरकलं. अनंता गेला तेव्हा ते वाक्यच पोकळ झालं. कारण तो तर माझ्या सांभाळण्याबाहेर गेला होता आणि देव त्याला तिकडे सांभाळतो की नाही हे इथे कल्याणात बसून मला कुठे दिसणार होतं? स्वतःसाठी काही मागावं म्हटलं तर तशी सवयच नव्हती. मग मी नुसतीच बसून राही. कधी कधी तर निरांजनाकडे बघता बघता दुपारी भात किती लावायचा याचा विचार चाले, आणि रोज तो जास्तच होई. संध्याकाळी हे फोडणीचा भात निमूट खात. सलग आठ दिवस खाल्ल्यावर मात्र म्हणाले, "अगं, तांदूळ मोजायला मी मदत करू का?"

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. देशात ठिकठिकाणी धरणं बांधली जात होती आणि अनंता त्यातल्याच एका धरणावर ओव्हरसियर म्हणून लागला होता. आनंदाचीच गोष्ट होती. आळीत पेढेही वाटले. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी तो निघाला. ह्यांनी टांगा बोलावला होता, पण अनंता म्हणाला, स्टेशन काही लांब नाही, मी चालतच जातो. वळकटी ह्यांच्या हातात दिली, ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि डावा पाय किंचित ओढत तो निघाला. मी उंबऱ्यात दह्याची वाटी घेऊन उभी होते. आळीच्या वळणावर तो एकदा तरी मागे बघेल म्हणून बराच वेळ थांबले. त्याने पाहिलं नाही. खरं सांगते, मला राग आला. त्या पायासाठी मी काय काय केलं होतं ते माझं मला ठाऊक, आणि तोच पाय माझ्याकडे पाठ करून निघाला होता. असा राग आईने धरू नये हे कळत होतं, तरी तो चांगला आठ-दहा दिवस टिकला.

त्या पायाची हकिगत सांगायला हवी. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही शहाडला राहत होतो. ह्यांची शिक्षकाची नोकरी कल्याणच्या शाळेत, पण तिथे जागा मिळेना, म्हणून शहाडला एका आगरी शेतकऱ्याच्या घरातल्या दोन खोल्या घेतल्या होत्या. उल्हास नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठावर. पाठीला सुका भोपळा बांधून काकांनी मला पाण्यात सोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि दहाव्या वर्षी भोपळ्याशिवाय खाडी पार करत होते. सासरी ही विद्या लपवून ठेवावी लागली. मास्तरांची बायको नदीत पोहते म्हटल्यावर सासूबाईंनी अन्नपाणी सोडलं असतं. पण धुणं घेऊन नदीवर जावंच लागे. धुणं खडकावर वाळत घातलं की मी कासोटा घट्ट करून पाण्यात शिरे. नागूबाई नावाची शेजारची आगरीण माझ्याबरोबर असे. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, जबरदस्त पोहणारी. ती घाटावर लक्ष ठेवी आणि कुणी दिसलं की खोकून इशारा करी. दिवसातला तो अर्धा तास फक्त माझा असे. त्या अर्ध्या तासात मी कुणाची सून नव्हते, बायको नव्हते, आईसुद्धा नव्हते.

अनंता दीड वर्षाचा असताना तापाने फणफणला. चार दिवसांनी ताप उतरला तेव्हा त्याचे दोन्ही पाय लुळे पडले होते. कल्याणहून डॉक्टर आले. जीव वाचला हेच खूप, चालण्याचं काही सांगता येत नाही, असं म्हणून गेले. त्या आठवड्यात सासूबाई एकदाच बोलल्या, पण पुरेसं बोलल्या. पोराला घरी झोपवून आई नदीवर तास तास काढते, मग असंच व्हायचं. त्यांना पोहण्याचं कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. पण मला ते वर्मी लागलं. त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी अनंताला उचललं आणि नदीकाठी उंबराखाली गावदेवी आहे तिच्यापुढे नेऊन ठेवलं. शेंदूर लावलेला एक पाषाण, बाकी काही नाही. आणि नवस बोलले. सगळ्यात आवडतं ते सोडायचं असतं, म्हणून पाणी सोडलं. पाण्यात उतरणार नाही, म्हणाले.

नवस कुणाला सांगायचा नसतो, म्हणून मी ह्यांनाही सांगितलं नाही. रोज दोन वेळा तेलाने पाय चोळले, सलग तीन वर्षं. चौथ्या वर्षी अनंता भिंतीला धरून उभा राहिला, पाचव्या वर्षी चालला. डाव्या पायात थोडी ओढ राहिली एवढंच. त्याच सुमारास आम्ही कल्याणात जागा घेतली आणि शहाड सुटलं ते सुटलंच. मी मात्र शब्द पाळला. नाशिकला गेलो तेव्हा सगळे गोदावरीत बुडी मारत होते आणि मी पायरीवर बसून तांब्याने डोक्यावर पाणी घेत होते. कोकणातली असून पाण्याला भिते, असं सांगून ह्यांनी किती नातेवाइकांना हसवलं असेल! मीही हसत असे. अनंतालाही मी कधी नदीवर जाऊ दिलं नाही. त्याच्या बरोबरीची मुलं खाडीत डुंबायची आणि हा दारात उभा राहून त्यांचे ओले केस बघायचा.

आता घर रिकामं झालं आणि काय सांगावं, मला पाण्याची स्वप्नं पडू लागली. भांडी घासता घासता हात उगाच पाण्यात राहू लागले. आपण पंचेचाळिशीच्या आहोत, डोक्यात पांढरे केस आहेत, हे मी स्वतःला बजावत होते. कार्तिक लागल्यावर आळीतल्या बायका पहाटे कार्तिकस्नानाला खाडीवर निघाल्या आणि सोबत म्हणून मीही गेले. कडेला उभी राहून तांब्याने अंघोळ करायची असं ठरवूनच गेले होते. पहिले तीन दिवस तसंच केलं. चौथ्या दिवशी गुडघाभर उतरले. मग कमरेपर्यंत. बायका गोलात उभ्या राहून काहीबाही गुणगुणत होत्या, कुणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. माझे पाय जमिनीवरून कधी सुटले हे मलाच कळलं नाही. दोन श्वास, फार तर तीन, मी पाण्यावर होते. भानावर आले आणि धडपडत काठावर पळाले. हुडहुडी भरली होती ती थंडीने नव्हती.

अनंताचं पत्र दर शनिवारी येत असे. त्या शनिवारी आलं नाही.

पोस्टाला उशीर झाला असेल, असं हे म्हणाले. पुढच्या शनिवारी पोस्टमन दारावरून गेला तेव्हा मी त्याला हाक मारून पिशवी पुन्हा बघायला लावली. तो बिचारा पायरीवर बसून सगळी पत्रं चाळून गेला. ह्यांनी अनंताच्या कचेरीच्या पत्त्यावर पत्र टाकलं. तिसरा शनिवारही कोरडा गेला. धरणाचं काम, पाणी, दगड, सुरुंग, आणि पोराला पोहता येत नाही. ते का येत नाही, हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक? माझा जीव टांगणीला लागला होता आणि मला कुणाशी बोलताही येत नव्हतं. बोलणार काय? तीन श्वासांच्या सुखासाठी मी मुलाचं रक्षण मोडून आले, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी जेवण सोडलं तेव्हा ह्यांना वाटलं, मुलाची आठवण येते आहे. सुट्टी काढून सोलापूरला कुसुमकडे नेऊ का, असंही ते म्हणाले. माझं आपलं एकच चाललं होतं. वीस वर्षं पाळलेला शब्द मी मोडला आणि देवीने हिशेब चुकता केला.

मार्गशीर्षातल्या पहिल्या मंगळवारी हे शाळेत गेल्यावर मी ओटीचं सामान पिशवीत घातलं, टांगा केला आणि शहाडला गेले. देवीचे पाय धरायचे आणि जी काही शिक्षा असेल ती मला दे म्हणायचं, एवढंच ठरवलं होतं. इतक्या वर्षांत गाव बदललं होतं. कारखान्याची धुरांडी उभी राहिली होती, आमच्या दोन खोल्या कुठे होत्या तेही चटकन ओळखू आलं नाही. पण उंबर होता. पाषाणावर ताजा शेंदूर होता. मी ओटी ठेवली, डोकं टेकलं आणि मला रडू कोसळलं. किती वेळ रडले ठाऊक नाही. मागून कुणीतरी खोकलं. तो खोकला माझ्या ओळखीचा होता.

नागूबाई म्हातारी झाली होती. कमरेत वाकलेली, दात गेलेले, हातात तेलाची बुधली. दर मंगळवारी दिवा लावायला येते म्हणाली. तिनेच मला ओळखलं. मास्तरीण ना तू, म्हणत शेजारी बसली आणि पहिला प्रश्न विचारला तो अनंताचा. पोऱ्या चालतो का? मी म्हटलं, चालतो, नोकरीला लागला, दूर गेला. आणि मग जे आजवर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं ते सगळं तिच्यापुढे ओतलं. कार्तिकस्नान, ते तीन श्वास, तीन शनिवार. नवस मोडला गं मी, म्हणाले.

तिने सगळं ऐकून घेतलं. देवीपुढच्या पणतीत तेल घातलं, वात सारखी केली. मग म्हणाली, "कनचा नवस मोरलास बाय? त्यो कवाच फिटला."

मला वाटलं, म्हातारी घोटाळली. मी तिला समजावू लागले की पाण्यात उतरणार नाही असं मी बोलले होते. तिने मला थांबवलं.

"अर्धाच सांगतंस. मी तुझ्या पाठीशी उभी होती. तू बोललीस, ह्यो आपल्या पायानं माझा घर सोरून जाईल, तवर मी पान्यात उतरनार नाय. मना चांगला याद हाय. मी तवा मनात हसली. बोलली, ही मास्तरीन खुली हाय. लोक मागतान पोऱ्या जवल रव दे, आन ही मागते त्यो जाव दे."

आणि मग तिने सहज विचारलं, "मंग? गेला ना त्यो आपल्या पायानं?"

आळीच्या वळणावर ट्रंक खांद्यावर घेऊन जाणारा अनंता माझ्या डोळ्यांपुढे आला. टांगा नको, मी चालत जातो. माझ्याकडे पाठ केलेला तो पाय. ज्या दिवसाचा मी आठ-दहा दिवस राग धरला, ज्या दिवसापासून देवाशी माझं बोलणं तुटलं, तोच दिवस मी वीस वर्षांपूर्वी याच जागी पदर पसरून मागितला होता. लुळ्या पायांचं मूल मांडीवर घेतलेल्या आईला त्याहून मोठं काय सुचणार? याने एक दिवस मला सोडून जावं, चालत जावं. ते मिळालं, आणि मी दह्याची वाटी हातात घेऊन रुसून उभी राहिले. नवसातलं सोडायचं तेवढं मी जपून ठेवलं आणि मागितलेलं विसरून गेले.

नागूबाईने ते शब्द उच्चारले आणि मला माझा त्या संध्याकाळचा आवाज ऐकू आला. आता कुणी म्हणेल, म्हातारीने सांगितलं म्हणून तुला तसं आठवलं. असेलही. मी त्या वादात पडत नाही. एवढंच सांगते की ती त्या दिवशी तिथे आली नसती तर मी शिक्षा मागून परत गेले असते, आणि उरलेला जन्म ती शिक्षा भोगली असती.

तरी माझं मन लगेच मानेना. मी म्हटलं, अगं, पण पत्र येत नाही त्याचं काय? नागूबाई म्हणाली, त्याचं तिला ठाऊक, मला नाही. आणि देवीकडे बोट केलं. "तिनं तिचा काम केलान. तूच धरून बसलीस."

मी डोळे पुसले. तिथून घाट दिसत होता. तोच खडक, त्यावर कुणाचं तरी धुणं वाळत होतं. पाणी पावसाळ्यानंतर निवळून हिरवं झालं होतं. मला कळत होतं की अनंता खुशाल आहे हे समजल्यावर पाण्यात उतरणं सोपं आहे. पत्र आलं की उतरेन, असं म्हटलं असतं तर तो पुन्हा एक नवसच झाला असता, देवीशी पुन्हा देवघेव. आयुष्यभर मी तेच केलं होतं. मी हे सोडते, तू ते दे. त्या दिवशी पहिल्यांदा मी काही न मागता हात जोडले. तो तुझा आहे, म्हटलं, आणि मीही. मग कासोटा घट्ट केला.

धुण्याच्या खडकाला धरून मी पाण्यात शिरले. छातीपर्यंत पाणी आलं तेव्हा नागूबाई काठावरून म्हणाली, घाट मोकळा आहे, कुणी नाही. आणि मी अंग सोडलं. हात विसरले असतील असं वाटलं होतं, पण त्यांना सगळं आठवत होतं. धाप लागली, नाकातोंडात पाणी गेलं, वीस हातांवर थांबून उताणी झाले आणि तशीच पाण्यावर पडून राहिले. वर आभाळ होतं. मी पुन्हा रडत होते, पण पाण्यात कोण कशाला बघतं? काय मागावं हे सुचत नाही म्हणून इतके दिवस जी देवापुढे मुकी झाले होते, तिला त्या घटकेला काही मागायचंच नव्हतं. माझ्या आयुष्यातली ती पहिली खरी प्रार्थना असं मी मानते.

ओल्या लुगड्यानेच घरी आले. हे शाळेतून आधीच आले होते आणि दारात घाबरून उभे होते. मी त्यांना बसवून सगळं सांगितलं, नवसासकट. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "आणि मी तुला पाण्याला भिते म्हणून हसत राहिलो." मग उठून त्यांनी स्वतः चहा केला. तो भयंकर झाला होता, पण मी सगळा प्याले.

पत्र पाचव्या दिवशी आलं. त्याला धरणावरून आत जंगलातल्या तळावर मोजणीसाठी पाठवलं होतं, तिथून टपाल निघतच नव्हतं. तब्येत उत्तम, रोज पाच-सहा मैल चालतो, काळजी नसावी, असं लिहिलं होतं. पत्र मी देवापुढे ठेवलं. पण खरं सांगायचं तर, ते यायच्या आधीच्या चारही रात्री मी शांत झोपले होते, आणि पत्रापेक्षा मला त्याचंच अजून नवल वाटतं.

त्यानंतर दर मंगळवारी मी शहाडला जाऊ लागले. नागूबाईच्या बुधलीत तेल घालायचं, दिवा लावायचा आणि नदीत उतरायचं. पुढे आळीतल्या दोघीतिघी चौकशी करू लागल्या. त्यातल्या एकीच्या पाठीला मी भोपळा बांधला तेव्हा तिच्या किंकाळीने घाटावरची ढोरं बुजली. आता ती माझ्यापुढे जाते. भातही आता बेताचा लागतो. नागूबाई पुढच्या वर्षी गेली. शेवटच्या मंगळवारीसुद्धा ती काठावर बसून घाट राखत होती. तिचं ऋण मी कसं फेडू? देवी काही बोलत नाही, पाषाण आहे तो. पण जे बोलायचं ते ऐकून ठेवायला तिने त्या संध्याकाळी माझ्या पाठीशी एक माणूस उभं केलं होतं, आणि वीस वर्षं ते सांभाळून ठेवलं होतं. आपण सोडतो म्हणतो तेव्हाही किती घट्ट धरून असतो, हे मला तिच्यामुळे कळलं.

वर्षाने अनंता रजेवर आला. मंगळवारी माझ्याबरोबर निघाला. देवीला नमस्कार करून तो खडकावर बसला, डावा पाय पाण्यात सोडून. उन्हाळ्यात तुलाही शिकवते म्हटलं तर हसला. मी पाण्यात शिरले. इतक्या वर्षांत आईला त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. मी निम्म्या पात्रात पोचले असेन, तेव्हा मागून त्याची हाक आली.

"आई, फार लांब जाऊ नकोस गं."

आवाजात काळजी होती, अगदी माझ्यासारखी. तो उठून उभा राहिला असणार, हात कपाळावर धरून बघत असणार, हे मला न बघताच कळलं. आणि आळीच्या वळणावर त्याने मागे का पाहिलं नव्हतं, तेही कळलं. जाणाऱ्याचं सगळं लक्ष आपल्या चालण्यात असतं. त्यात मागच्यावरची माया कमी झालेली नसते. मी एक हात वर करून त्याला दाखवला, आणि तशीच पलीकडच्या काठाकडे निघाले.